पांढरीतलं मडकं

घोडनदीच्या बाजारात कंदील दुरुस्त करणाऱ्या गनीला नाकतोडे पाळायचा नाद होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस जरा जगावेगळीच. त्याचे नाकतोडे पाला खाणारे नव्हते. रातकिडे मुंडक्यापासून कराकरा चावणारे, एकत्र ठेवले तर भावंडालाही न सोडणारे. म्हणून तो एकेकाला कंदिलाच्या जुन्या काचेत, वर जाळी बांधून, वेगळं ठेवी. दिवस मावळला की नर पंख घासून किरकिरू लागत आणि गनी चहा गार होईपर्यंत ऐकत बसे.

त्या साली त्याची लाडकी हिरवी मादी अंड्यावर आली. तिला भुसभुशीत माती हवी होती. गनीचा दोस्त गेणबा तेव्हा नदीकाठच्या पांढरीची, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाची माती गाडीने शेतात ओढत होता. पिकाला ती खतासारखी लागते. त्या मातीत तोंडाला तोंड जोडलेली दोन मडकी निघाली.

"असलं निघालं तर जागच्या जागी झाकायचं, गनीभाई. आमची म्हातारी हळद वाहून पुरती."

"आत मातीच हाय की. दे मला."

गनीने दोन्ही मडकी घरी आणली, वरचं उचलून बाजूला ठेवलं, खालच्यातली माती न उकरता तशीच ठेवली. मादीने शेपटाकडची, अंडी घालायची तलवारीसारखी नळी तिच्यात खुपसली.

हिवाळा-उन्हाळा अंडी मातीत राहिली. पिल्लं निघाली तेव्हा गनीच्या बायकोला, लालबीला, मुलगी होऊन थोडेच दिवस झाले होते. दर्ग्यावर किती मन्नती मागून झालेली ही बानू.

पिल्लं मात्र एकमेकांना खाईनात. किड्याकडे बघेनात. मडक्यातल्या मातीवर अंगाला अंग लावून बसत. गनीला आधी कौतुक वाटलं. मग एका दिवेलागणीला ती किरकिरली, आणि त्याच्या हातातली काच निसटली. पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. घासणार काय? आणि ती किरकिर नव्हतीच... भुकेलं तान्हं रडून रडून थकावं, तसा आवाज होता. बारीक. मातीच्या खालून.

"अवं, बानू रडती का?" लालबीने चुलीपुढून विचारलं.

"न्हाई... निजलीय."

"मंग माजा पान्हा का सुटला?" तिची चोळी भिजली होती.

रोज तसंच होऊ लागलं. तिन्हीसांजेला आवाज यायचा, दूध वाहून जायचं आणि बानूच्या तोंडी काही उरायचं नाही. पोर वाळत चालली. आपली हौस लेकराच्या मुळावर आली, या विचाराने गनीचं काळीज तुटत होतं.

शेवटी त्याने माती उकरली. खाली हाडं होती. करंगळीपेक्षा बारीक.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो गेणबाला घेऊन पांढरीवर गेला. पिल्लांसकट मडकं पुरलं, वर दुसरं उपडं घातलं. गेणबाने हळद वाहिली, गनीने दुवा मागितली. कुणाचं लेकरू, कुणाला ठाऊक!

घरी पोचेस्तोवर सांज झाली. काचांमधले नर गप्प होते. लालबी झोळी हलवत होती, कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"सुटलो गं," गनी म्हणाला.

"हळू बोला..." ती कुजबुजली. "दोघीबी आत्ताच पोटभर पिऊन निजल्यात."

गनीने झोळीत वाकून पाहिलं. ओठांवर दूध घेऊन बानू एका कडेला सरकून झोपली होती. शेजारची गोधडी रिकामी होती, पण मधोमध दबलेली... आणि त्या खळग्यात पांढरीची ओली माती होती.