रूपाबाईच्या हातावरचे डाग

मीनाला सासरहून काढून दिलं, त्याला तीन महिने झाले होते. चौदा महिन्यांची लेक, देवला, मात्र नवऱ्यानं स्वतःकडेच ठेवून घेतली. सासूला मारते हा आळ तांड्याच्या पंचायतीनं खरा धरला होता. अखेर लेकरासाठी मीना हिंगोलीत पल्लवी वाठोरेकडे आली. पल्लवी पूर्वी नर्स होती, आता खासगी तपास करायची.

"मी कशाला मारू, ताई? रोज सकाळी त्येंला मीच तर उठवायची."

दुसऱ्या दिवशी मीनाला जीपमध्ये बसवून पल्लवी साखऱ्याजवळच्या तांड्यावर गेली. सोबत निवृत्त हवालदार प्रमोद होता.

मीनाचा नवरा लालसिंग यानं आईला, रूपाबाईला, उजव्या मनगटाला धरून खाटेवरून उठवलं आणि उन्हात बसवलं.

"बा वारला, ह्या माझ्या याडीनं कोपरापर्यंतच्या बांगड्या उतरवल्या, तवा दिसलं. हे बघा."

दोन्ही हातांवर जांभळे डाग होते. उजवं मनगट तेवढं साफ होतं.

"मावशी, मीना मारायची?"

"न्हाई."

"भिऊन बोलून राहिली," लालसिंग म्हणाला.

"डाग दुखतात?"

"न्हाई बाई. दुखतात ते गुडघे. लालू बाजारातून पुड्या आणतो. दोन साल झाले."

म्हातारीचा चेहरा गोल, सुजल्यासारखा होता. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती.

"बोटांचेच ठसे आहेत, ताई," प्रमोद कुजबुजला. "आपली बाई खोटं बोलली."

"बोटं कोणाची, ते बघू."

पल्लवीनं सावकाश चहा घेतला. मग जीपमध्ये थांबलेल्या मीनाला बोलावून घेतलं.

"लालसिंग, आईचं उजवं मनगट बघा."

तिथं चार बोटं लालभडक उमटली होती.

"मी... मी तर नुसतं उठवलं!"

"मीनाही नुसतं उठवायची. त्या पुडीत स्टेरॉइड असणार. त्यानं गुडघ्यांचं दुखणं थांबतं, पण कातडी आणि रक्तवाहिन्या इतक्या नाजूक होतात, की धरलं तरी आत रक्त साकळतं. मारल्याचे डाग दुखले असते. आणि मीना तीन महिने इथं नाही, डाग तर ताजे आहेत. पुडी एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. आजच डॉक्टरकडे न्या."

लालसिंगनं खाटेजवळ खेळणाऱ्या देवलाला उचलून कडेवर घेतलं.

"मी न्हाईच म्हणत व्हते रे," रूपाबाई रडू लागली. "कोनी ऐकलंच न्हाई."

मीनाला कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं. तिनं देवलाकडे हात पसरले. पोरीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग बापाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि परकं माणूस बघून रडावं तशी रडायला लागली.