वहिनींना माईकजवळ बसवा

ही गोष्ट रचलेली नाही. ज्याच्या घरात हे घडलं, तो माणूस रोज सकाळी आमच्या गल्लीतलं दुकान उघडतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सगळे त्याला घड्याळजी म्हणतात. जुनी घड्याळं दुरुस्त करतो आणि हौस म्हणून त्यावरच पॉडकास्ट करतो. पहिले चार भाग नवरा-बायकोने मिळून केले. हा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. मग ती मध्येच हसून म्हणायची, "अहो, जरा श्वास घ्या!"

ती गेली. साधा ताप, तीन दिवसांचा.

सहा महिन्यांनी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी तो पुन्हा माईकसमोर बसला. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं. आत अजून तिचेच कपडे होते.

दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याचा निरोप आला.

"वहिनींचा आवाज फार लांबून येतोय. त्यांना माईकजवळ बसवा."

हेडफोन लावून घड्याळजीने तो भाग तीनदा ऐकला.

स्वतःचा आवाज... पंख्याची घरघर...

बाकी काही नाही.

पुढच्या भागावर तसेच पाच निरोप. वहिनी बोलतात, पण शब्द कळत नाहीत.

म्हणजे ती सगळ्यांना ऐकू येत होती. फक्त यालाच नाही! बिचारा ढसाढसा रडला.

मग कामाला लागला. दुसरा माईक आणला, त्यापुढे खुर्ची मांडली, पंखा बंद केला. जन्मात जमलं नव्हतं ते शिकला... हळू बोलायला. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं.

"ऐकतेस ना?"

...

"जवळ ये ना जरा."

...

त्याची धाकटी बहीण इतके दिवस हे भाग ऐकत नव्हती. वहिनीच्या आठवणीने तिचा जीव कासावीस व्हायचा. यावेळी मात्र त्याने गळच घातली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, आवाज अगदी स्पष्ट आहे."

"काय म्हणते गं ती?"

बहिणीने तो भाग पुन्हा एकदा लावून पाहिला.

"दादा, ही आपली वहिनी नाहीये."

"म्हणजे?"

"कुणीतरी म्हातारी बाई आहे. ती तुझ्याशी बोलतच नाहीये. शेजारी कुणालातरी दटावतेय. तू थांबलास की दरवेळी तेच..."

"काय तेच?"

"'तोंड उघडायचं नाही. त्याला ऐकू जाईल.'"

बहिणीने हातापाया पडून सांगितलं, हे सगळं बंद कर. मीही समजावून पाहिलं. तो हातातल्या घड्याळाला चावी देत राहिला.

"बंद केलं," शेवटी म्हणाला, "तर ती त्या बाईजवळ एकटी राहील रे."

दर आठवड्याला नवा भाग येतो. ऐकायची माझी छाती होत नाही.