कर्नलसाहेबांचा गुडघा

चंडीगढच्या त्या नर्सिंग होममध्ये दुखणं मोजायची रीत सोपी होती. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे जीव जातोय. सिस्टर निशिगंधा हेच विचारत दिवसभर खाटांमधून फिरे. एका आजींनी तर नुसती सुई बघून "बारा" सांगितलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. वाढवून सांगितलेलं कमी करता येतं. न सांगितलेल्यावर औषध काय देणार, कपाळ? शिवाय आज तिला लवकर घरी पोचायचं होतं. लेकीची, अक्षराची, उद्या दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा होती.

आणि नेमके आजच निवृत्त कर्नल चंद्रकांत तिच्या डोक्याला ताप झाले होते. उजव्या गुडघ्याचा सांधा कालच बदललेला.

"दहापैकी किती, सर?"

"शून्य."

फौजेत हयात गेलेली, त्यात मूळचे साताऱ्याचे. शून्याच्या खालचा आकडा चालला असता तर तोही सांगितला असता.

शेजारच्या खाटेवर बसकंडक्टर मोहन होते, फक्त शुगर तपासायला आलेले. त्यांनी त्याच क्षणी उजवा गुडघा धरून बोंब ठोकली, "ओये मर गया! मेरा गोडा!"

डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, एक्सरे काढला. ठणठणीत. दुपारी पुन्हा इकडून शून्य आणि तिकडून बोंब. निशिगंधाने मोहनना खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. पुढच्या शून्याला कर्नलांच्या खाटेखालची लादी पुसणारी बाई खाली बसली ती उठेचना.

असं काही नसतं, निशिगंधाने स्वतःला बजावलं. तरी ती कर्नलांच्या कानाशी गेली.

"सर, खोटा रिपोर्ट वर पाठवलेला फौजेत चालतो का हो?"

कर्नलांची मिशी थरथरली.

"आठ," ते पुटपुटले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निशिगंधाला त्यांची फार दया आली. तिने लगेच इंजेक्शन दिलं. लादीवाली बाई उठली आणि बादली उचलून चालू लागली.

संध्याकाळी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून, मुलाच्या क्वार्टरमधून, कर्नलांच्या पत्नी सुलोचनाबाई डबा घेऊन आल्या. कर्नल ताठ झाले.

"एकदम फर्स्ट क्लास! शून्य!"

सुलोचनाबाई स्टुलावर बसल्या. उजवा पाय सावकाश लांब केला, पर्समधून गुडघ्याचा पट्टा काढला आणि सराईतपणे चढवला. पट्टा जुना होता, धुऊन धुऊन विटलेला.

"काकू, किती दुखतंय?" निशिगंधाने हळूच विचारलं.

"मला? छे गं. काही नाही."

निशिगंधाने खाटेची कड घट्ट धरली.

घरचा जिना ती कठड्याला धरून चढली. गॅलरीत दोरी सपासप चालली होती. आईला बघून अक्षरा थांबली.

"मम्मा, पैर में क्या हुआ? दर्द हो रहा है?"

आठ. आकडा अगदी ओठांवर होता. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि उद्या स्पर्धा.

"काही नाही गं, राणी."

गुडघा एकदम हलका झाला.

"पक्का?" अक्षरा हसली. दोरी पुन्हा सुरू झाली.

मग थांबली.