लंबूची सायकल

"मला नाव हवंय, मावशी," ताई म्हणाली. "चुगली करणाऱ्याचं. बाबा रोज विचारतात."

ती खुर्चीत बसली तरी पाय जमिनीला टेकत नव्हते. बुटांवर चिखल वाळला होता. बस परवडत नाही, म्हणून कॉलेज, काम आणि आता ही कचेरी, सगळं पायी.

मावशींची खासगी तपासाची कचेरी लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत होती. जोडीला त्यांचे दीर, भाऊजी. माणूस मनाचा निर्मळ, पण डोक्यात दिवा जरा उशिराच लागायचा.

"पहिल्यापासून सांग," मावशी म्हणाल्या.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ लंबू, दोघं एकाच कर्जावर परदेशात शिकायला आले होते. शिकता शिकता कामं करू, भागेल, असं घरी सगळ्यांना वाटलं होतं. इथे खोलीचं भाडंच अर्धा पगार गिळायचं. त्यात सरकारने विद्यार्थ्याच्या कामाचे तास बांधून दिलेले. तेवढ्यात भागत नाही, आणि जास्त काम केलं तर राहण्याचा परवाना जातो. लंबू एका हॉटेलात भांडी घासायचा, ठरल्याहून जास्त. मंगळवारी कुणीतरी परवान्याच्या सरकारी कचेरीत फोन केला, तिथले साहेब आले आणि तो सापडला. परवाना रद्द झाला. उद्याचं विमान.

"खरं तर मीच परत जाणार होते," ताई म्हणाली. "दोघांची फी निघत नाही, एकाची निघेल. लंबूचं शिक्षण होऊ दे म्हटलं. बाबांनाही पटलं. लंबू तेवढा भांडला. पण माझं तिकीट काढायचं ठरलंच होतं. आता तर काय, तोच निघाला नि मी मागे राहणार. ठरलं एक, झालं भलतंच."

मावशींनी शाल घेतली. "भाऊजी, गाडी काढा."

हॉटेलचा मालक आधीच तापलेला होता. "मी कशाला चुगली करू? दंड मलाच बसला ना!"

"त्याचा पगार मात्र वाचला तुमचा," भाऊजी म्हणाले.

मालकाने नजर चुकवली. "ते बघू पुढे. पण मला सांगा, मागच्या दाराला आतून कडी असते, उंदरांमुळे. त्या दिवशी साहेब थेट मोरीपाशी उभे! दार ठोठावलंसुद्धा नाही."

"मोरीवर लंबू एकटाच होता?" मावशींनी विचारलं.

"एरवी तिघं असतात. तिघांचेही तास जास्तच, आता तुमच्यापाशी काय लपवायचं! पण लंबूने तेवढ्यात त्या दोघांना कचऱ्याची पिंपं टाकायला पिटाळलं होतं. नशीब एकेकाचं."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाच. पगार बुडवायला."

"दंड भरून? भाऊजी, म्हैस विकून कोणी दावं घेतं का?"

लंबूच्या खोलीतला जोडीदार पैलवान. तो समोरून सायकलवरून आला, तेव्हा त्याचे गुडघे हँडलवर आपटत होते. आजीच्या पाटावर बैल बसवावा तसा दिसत होता.

"सायकल नवी घेतलीस?" मावशींनी विचारलं.

"छे! लंबूची. सोमवारी म्हणाला, तुझ्याकडे ठेव, सांगेन तेव्हा दे."

"सोमवारी? आणि मंगळवारी कामावर कसा गेला?"

"चालत. मीही विचारलं, तर हसला नुसता."

"सीट तू खाली केलीस?"

"मी कशाला करू? होतीच अशी. नट इतका आवळलाय की माझ्याच्यानेही हलेना."

"हॉटेलात त्याच्या जागी आता कोण?"

पैलवानाचा चेहरा उतरला. "मीच. मालकाने बोलावलं. मावशी, मलाही भाडं भरायचंय हो."

भाऊजींनी डोळे मोठे केले. "सायकलही याला, कामही याला! वहिनी, मिळाला चोर."

"सगळ्यांना चारला लॉन्ड्रीपाशी बोलवा," मावशी म्हणाल्या. "सायकलसकट."

चारला सगळे फुटपाथवर जमले. लंबू सगळ्यांहून उंच, पण मान खाली.

"घरभेद्या तोच, जो मोरीपाशी होता," मावशी म्हणाल्या. "कडी आतून निघाली. पैलवान तेव्हा तिथे कामालाच नव्हता. दोघांना पिंपांच्या निमित्ताने बाहेर काढलं, म्हणजे साहेब कधी येणार हे काढणाऱ्याला ठाऊक होतं. आपल्याबरोबर दुसऱ्या कुणाचं वाटोळं होऊ नये, एवढी त्याने काळजी घेतली."

भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे लंबूनेच? स्वतःची चुगली?"

"सायकल आदल्या दिवशीच दिली. आपण परतणार हे त्याला सोमवारीच माहीत होतं. आणि ही सीट बघा. पैलवानाला बसकी, लंबूला तर फारच बसकी. मग खाली केली कुणासाठी?"

सगळ्यांची नजर ताईच्या चिखलाच्या बुटांवर गेली.

"लंबू!" ताईचा आवाज फाटला. "मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं. भांडलोही. ऐकलंस?" लंबू म्हणाला. "मी आपणहून निघालो असतो तर तू सोडलं असतंस? बाबांनी? मुलगा शिकू दे, मुलगी परत येऊ दे, हेच म्हणाले ना? सरकारी शिक्क्याशी मात्र कुणाला भांडता येत नाही. वर्गात पुढे तू आहेस, ताई. मी नाही."

"आणि मी इथे एकटी काय करू?"

पैलवान उगाच सायकलची घंटी पुसत राहिला.

"साहेबांना सांगून काही होईल, मावशी?" ताईने विचारलं.

"काय सांगणार, बाळा? जास्त काम केलं हे खरंच आहे. आणि तुझेही तास मोजायला लागले तर?"

ताईने घड्याळ पाहिलं. तिच्या कामाची वेळ झाली होती. उशीर झाला तर उद्यापासून बोलावत नसत. तिला धड रागवायलाही फुरसत नव्हती.

तिने डोळे पुसले आणि सायकलवर बसली. पाय पॅडलवर बरोबर टेकले.

"बाबांना कुणाचं नाव सांगू?" तिने वळून विचारलं.

लंबूने वाकून ब्रेक दाबून पाहिला.

"डावा ब्रेक सैल आहे," लंबू म्हणाला. "उतारावर जपून जा."