ओली घटका

लिफ्टचं दार उघडलं तशी गाण्याची, हसण्याची आणि लिंबाच्या वासाची लाटच अंगावर आली. जयवंतीबाई नाखवांनी पदर खोचला आणि डोळे बारीक करून पाहिलं. बाविसावा मजला, काचेच्या भिंती, खाली खाडी बुजवून उभं केलेलं नवं शहर. टेबलांभोवती तरणीताठी माणसं, हातात रंगीत पेले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. रडत होती आणि हसतही होती.

“ह्यांच्यात कुनाचं कोन मेलंय?” त्यांनी सुनेला विचारलं.

“सगळ्यांचंच कुणीतरी गेलंय, आई,” तृप्ती म्हणाली. “म्हणूनच येतात.”

“मग गानी कशाला?”

“तेच तर औषध आहे इथलं.”

बारचं नाव ‘उजळणी’. तृप्ती गेलं वर्षभर दर शुक्रवारी इथे येत होती. नवरा समुद्रात गेला, बोट उलटली, आणि ही शुक्रवारी संध्याकाळी दारू पिऊन हसत घरी येते, हे पाहून जयवंतीबाईंच्या जिभेला जी धार चढली होती ती अख्ख्या कोळीवाड्यानं ऐकली होती. तृप्तीनं उलट उत्तर दिलं नव्हतं. फक्त एकदा म्हणाली होती, “मला जगायचंय, आई. त्याला विसरून नाही. त्याच्यासकट.”

जयवंतीबाईंचं दुखणं निराळं होतं. वाड्यात कुणाचंही मरण झालं की आधी त्यांना बोलावणं यायचं. हेल काढून रडावं तर त्यांनीच. त्या मेलेल्याचे शब्द त्याच्याच ढंगात म्हणायच्या, मग त्याला उत्तर द्यायच्या, आणि जमलेल्या बायांचे बांध फुटायचे. ज्याच्यासाठी जयवंती रडली नाही तो धड मेलाच नाही, असं लोक म्हणत. आणि पोटचा हसुराम गेला तेव्हा त्यांच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. दगडासारख्या बसून राहिल्या. बाया कुजबुजल्या, त्यांनाही ते ऐकू आलं.

कारण कुणाला सांगितलं नव्हतं. हेल काढायला मेलेल्याचा आवाज आधी कानात उठावा लागतो. हसुरामचा आवाज त्यांच्या कानात उठतच नव्हता. दिवसेंदिवस तो विरत चालला होता, पाण्यात पडलेल्या मिठासारखा. शेवटी एका सकाळी त्यांनी सुनेपुढे हे कबूल केलं, आणि तृप्ती त्यांना इथे घेऊन आली.

बारचा मालक डॉक्टर होता, मेंदूचा. अन्वय सबनीस. त्या दिवशी त्याच्यासोबत काउंटरवर डॉ. फरहाना मुकादम बसल्या होत्या. असल्या जागांचा परवाना पुढे चालू ठेवण्याआधी सरकार तपासायला ज्यांना पाठवतं त्यातल्या.

“मोबाइलमध्ये त्याचा आवाज असेलच की,” मुकादम म्हणाल्या.

“तो बाजारातला. लिलावात वरडनारा,” जयवंतीबाई म्हणाल्या. “घरातला नाय. घरात तो आये म्हनायचा ना, तो येगलाच आवाज. तो कुनी भरून ठेवतं व्हय?”

सबनीसांनी मान डोलावली. “आजी, आठवण म्हणजे दगडावर कोरलेलं अक्षर, असं आपण समजतो. तसं नसतं. आठवण काढली की ती मेंदूत मऊ होते, आणि काढून झाली की पुन्हा घट्ट बसते. दर वेळी नव्यानं. याला आम्ही पुनर्बंधन म्हणतो.”

“म्हंजे शिळं कालवन परत उकळायचं.”

“अगदी!” सबनीस खुलले.

“एरवी ती जराशीच मऊ होते,” मुकादम म्हणाल्या. “यांच्या पेयात जे स्मृतिविलायक आहे, ते तिला पूर्ण वितळवतं. अर्धा तास. त्या वेळेला इथे ओली घटका म्हणतात. तेवढ्यात आठवण लख्ख उजळते. पण तेवढ्यातच जे कानावर पडेल तेही तिच्यात मिसळतं, आणि अर्ध्या तासानं सगळं एकत्र आळतं. मग वेगळं काढता येत नाही.”

“म्हणून तर इथे हसू आणि गाणी ठेवलीत,” सबनीस म्हणाले. “माणूस आपली सगळ्यात बोचणारी आठवण घेऊन येतो, ती ओली होते, तिच्यात हसू मिसळतं. आठवण जात नाही. तिची धार जाते.”

“मना धार पायजे,” जयवंतीबाई म्हणाल्या. “मिसळ नको. पोरगा हाय तसा पायजे.”

“मिळेल,” सबनीस जरा हळू आवाजात म्हणाले. “आणि एक पेला पुरे होईल. माणसाचा आवाज प्रत्येक आठवणीत वेगवेगळा साठवलेला नसतो. तो मेंदूत एकाच ठिकाणी असतो, सगळ्या आठवणी तिथूनच उसना घेतात. एका आठवणीत तो उजळला की सगळीकडे उजळेल. आवाज नीट ऐकू यावा अशी एखादी आठवण आहे?”

होती. हसुरामनं स्वतःची पहिली बोट पाण्यात घातली, त्या पहिल्या फेरीहून तो आला ती दुपार. दारातूनच ओरडला होता, “आये! गो आये! डोळे मीट. हात पुढं कर.” त्यांनी डोळे मिटले होते. ओंजळीत काहीतरी गार, जिवंत, वळवळतं पडलं होतं. शेवंड, लांब मिशांचा मोठा झिंगा. त्या किंचाळल्या होत्या आणि तो पोट धरून हसला होता. डोळे मिटलेले, म्हणून त्या आठवणीत दिसत काहीच नाही. नुसता आवाज.

“झकास,” सबनीस म्हणाले. “तुम्हाला शांतकक्षात बसवतो. तिथे बाहेरचा आवाज पोचतच नाही.”

कोपऱ्यात काचेची छोटी खोली होती. जयवंतीबाईंनी ती खालून वर न्याहाळली. “मी काय मांदेली मासली हाय, काचेत मांडून ठेवायला? सगली बगतील मना. मी हितंच बसन, सुनेजवल.”

“आई, ऐका ना त्यांचं.”

“तू ऐक. मी घरात बी कोंडून घेतलं नाय कवा.”

मुकादमांनी हरकत घेतली. सबनीसांनी मधला मार्ग काढला. कान पूर्ण बंद करणारा एक टोप आणला, आत मऊ गादी. “हा घातला की बाहेरचं अक्षरही आत जाणार नाही.”

“आणि त्यांचा स्वतःचा आवाज?” मुकादमांनी विचारलं. “तो तर हाडांतून थेट आत जातो.”

“आजी बोलायच्या नाहीत. काय आजी?”

“देवलात बसते तशी गप बसन.”

तृप्तीनं सासूला देवळात पाहिलेलं होतं, ऐकलेलंही. ती तिच्या नेहमीच्या जागी, सासूच्या शेजारी बसली आणि तिचा नेहमीचा पेला तिच्यासमोर आला. शुक्रवार होता. तिची स्वतःची आठवण ठरलेली होती, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या आणि नवरा दिवसभर घरात. भोवती तिच्यासारखीच माणसं आपापल्या आठवणी ओल्या करून बसली होती. कुणी आईची, कुणी मोडलेल्या लग्नाची, कुणी परदेशी गेलेल्या भावाची.

जयवंतीबाईंनी पेला हातात घेतला, बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर सोडले आणि एका दमात रिकामा केला. “सरबतच हाय,” असं म्हणून टोप कानावर ओढला.

गाणं बंद झालं. हसणं बंद झालं. बराच वेळ काहीच नव्हतं.

मग दार वाजलं. त्यांच्या घराचं, जुनं, खाली घासणारं दार. ओल्या पायांचा फटफट आवाज.

*आये! गो आये!*

तो होता. तोच. किंचित घोगरा, शेवटी वर जाणारा, हसू दाबून धरलेला. दीड वर्षं ज्याच्यासाठी त्या भिंतीला कान लावून बसल्या होत्या तो आवाज दारात उभा होता. *डोळे मीट. हात पुढं कर.* त्यांचे दोन्ही हात काउंटरवर आपोआप ओंजळ करून पुढे झाले.

आणि आवाज उठला तशी त्यांच्या छातीत दीड वर्षं गोठलेलं जे होतं, ते हललं. जन्मभराची सवय होती ती. मेलेल्याचा आवाज कानात उठला की तो तोंडावाटे बाहेर येतो, त्याला थोपवायला कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. टोपाच्या आत त्यांना कळलंही नाही की आपण तोंड उघडलंय.

“आये, डोळे मीट म्हनालास रे, हसुरामा! हात पुढं कर म्हनालास! मिटलं रे बाला, मी डोळे मिटलं! हात पुढं केलं! कंदी देनार तू, काय देनार तू…”

सगळा बार गप्प झाला. कोणीतरी गाणं बंद केलं. म्हातारीचा तो हेल छताला भिडला, खाली आला, परत चढला. आधी त्या हसुरामच्या ढंगात त्याचे शब्द म्हणत, मग रडत उत्तर देत. पुन्हा पुन्हा. काउंटरपलीकडचा ग्लास पुसणारा माणूस फडकं तोंडाला लावून उभा राहिला. टेबलांवरची माणसं रडू लागली, आणि या वेळी हसत नव्हती.

मुकादमही ऐकतच राहिल्या होत्या; भान येताच त्या धावल्या. टोप ओढून काढला, त्यांचे खांदे धरले. “आजी, थांबा! आजी!”

“मी काय केलं?” जयवंतीबाईंनी भानावर येत विचारलं.

सबनीस घड्याळाकडे पाहत होते. अर्धा तास उलटून गेला होता.

काय झालं ते जयवंतीबाईंना दुसऱ्या सकाळी कळलं. चहा गाळताना त्यांनी ती दुपार मुद्दाम आठवली. दार घासलं, पाय फटफटले, आणि दारातून कोणीतरी म्हणालं, आये, डोळे मीट. आवाज म्हातारीचा होता. घसा बसलेला, रडका, त्यांचा स्वतःचा. त्यांनी दुसरी आठवण काढली, मग तिसरी. तो शाळेतून येतो आणि भाकरी मागतो, त्यांच्या आवाजात. तो लग्नाला हो म्हणतो, त्यांच्या आवाजात. एकाच ठिकाणाहून सगळ्या आठवणी उसनं घेत होत्या, आणि त्या ठिकाणी आता त्या स्वतःच बसल्या होत्या. चहा ओतू गेला तरी त्या हलल्या नाहीत.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तृप्ती त्या दिवसापासून फारशी बोलत नव्हती. जयवंतीबाईंनी गृहीत धरलं की चारचौघांत लाज आणली म्हणून सून रुसलीय. “रुसू दे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माजं काय गेलंय ते हिला काय ठावं.”

पावसाळा संपता संपता डॉ. मुकादम घरी आल्या. सोबत सात-आठ अनोळखी माणसं. कुणी बँकेतला, कुणी शिक्षिका, एक जाडजूड तरुण लाजत मागे उभा.

“आजी,” मुकादम खाली बसत म्हणाल्या, “त्या संध्याकाळी तुमचे कान आम्ही झाकले. बाहेरचं आत जाऊ नये एवढंच आम्हाला सुचलं. आतलं बाहेर गेलं तर काय, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाची आठवण ओली होती.”

“मंग?”

बँकेतला माणूस पुढे झाला. “माझी बहीण गेली, तिच्या लग्नाची आठवण होती माझी. आता त्या मांडवात हसुराम आहे. तो नव्हता हे मला कळतं. कागदावर लिहून दिलं तरी पटेल. पण आहे. तो तिला डोळे मीट म्हणतो. आणि तो गेला याचं मला… मावशी, मला माझा भाऊ गेल्यासारखं रडू येतं.”

“माझ्या आईच्या खाटेजवळ उभा असतो तो,” शिक्षिका म्हणाली.

“पुन्हा पेय देऊन, शांतता राखून, हे बरंचसं पुसट करता येईल,” मुकादम म्हणाल्या. “पण यांना नकोय. त्याच्या आईला विचारल्याशिवाय तर मुळीच नको, म्हणून इथे आलेत.”

जयवंतीबाई एकेकाचं तोंड पाहत गेल्या. आपला पोरगा इतक्या घरांत जिवंत आहे. मांडवात आहे, खाटेजवळ आहे. मग त्यांच्या मनात एकच गोष्ट चमकली, आणि त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, बँकवाल्याच्या अगदी समोर गेल्या.

“पुसायचं नाय,” त्या म्हणाल्या. “पन मना एक सांग, बाला. खरं सांग. तो बोलतो कसा? आवाज कसा हाय त्याचा?”

त्या माणसानं डोळे मिटले. मग उघडले आणि गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमच्यासारखा,” तो म्हणाला. “अगदी तुमच्यासारखा.”

त्यांनी शिक्षिकेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. जाडजूड तरुणानंही.

दारात तृप्ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ही राहिली. हिनं त्याच्यासोबत संसार केला होता, हिच्या कानात तरी तो असणार. जयवंतीबाई तिच्याकडे वळल्या. विचारायला तोंड उघडलं, आणि मग त्यांना त्या संध्याकाळी काउंटरवर ठेवलेला दुसरा पेला आठवला.

“तुजं बी?” त्यांनी विचारलं.

तृप्तीनं तांब्या खाली ठेवला. “बाजारातला तो आवाज लावून पाहिला मी, मोबाइलवरचा. कुणी परका माणूस लिलाव करतोय असं वाटतं.” तिनं ओले हात पुसले. “तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारता ना, आई, तेव्हा मला वाटतं तो आला. मी उठते. दर वेळी उठते. मग तुम्ही दिसता.”

जयवंतीबाईंनी त्या घरात चाळीस वर्षं आतून बाहेर हाका मारल्या होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी ते सोडलं. काही हवं असलं की गुडघे धरून उठत, भिंतीच्या आधारानं सुनेच्या समोर येत, तिनं वर पाहीपर्यंत थांबत, आणि मगच बोलत.