मोज्याची टाच

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी सार्वजनिक ग्रंथालयात, मोठ्यांच्या वर्गात, प्लगची वायर कशी जोडायची ते दाखवत होतो. सकाळी दवाखान्यातून तिनेच मला पिटाळलं होतं. "जा हो, लोक खोळंबतील." फोनवर मेव्हणी नुसती रडत होती. मी समोरच्यांना म्हटलं, "आज इथेच थांबू," आणि निघालो.

आमचं जमलं तेही याच ग्रंथालयात. मी ट्यूब बदलायला शिडीवर चढलो होतो. खाली ती बायकांना विणकाम शिकवत होती. ग्रंथपालबाई येऊन म्हणाल्या, "आणखी एक माणूस मिळालं नाही, तर वर्ग बंद करावा लागेल गं."

तिने वर पाहिलं. "अहो शिडीवाले... मोजे विणायला शिकता का?"

"मी? मी वायरमन आहे हो."

"तारा वळवता ना? लोकर तर मऊ असते."

मी नाव घातलं. उलट-सुलट टाके जमले. पण टाच वळवायची वेळ आली, की माझं हमखास बिघडायचं. मग ती शेजारी येऊन बसायची, माझ्या हातातल्या सुया सरळ करायची... मोजा पुरा झाला की शिकणं संपलं, असा तिचा नियम होता. बाकीच्या बायका मोजे घालून गेल्या, नव्या आल्या. मी तिथेच.

एका शनिवारी तिने सुया खाली ठेवल्या. "खरं सांगा. मघाशी मी पाणी प्यायला गेले, तेव्हा टाच नीट वळवलीत. आणि मी येताना दिसले तशी उसवलीत. पाहिलं मी दारातून."

पलीकडच्या आजी हसू दाबत म्हणाल्या, "अगं, आम्ही कधीपासून बघतोय!"

"मोजा झाला, की... यायला कारण उरणार नाही," मी म्हटलं.

तिचे कान लाल झाले. ती बराच वेळ लोकर गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही मोजा पुरा करा. कारणाचं मी बघते."

लग्नात ग्रंथपालबाई साक्षीदार होत्या. पुढे तिनेच मला वायरिंगचा वर्ग घ्यायला लावला. पहिल्या दिवशी ती एकटीच समोर बसली. "सर, मेन बंद केलात का?"

आता तिच्या वर्गातल्या बायका शनिवारी येतात, थोडा वेळ बसतात, जातात. "तुम्हीच शिकवा," असं सगळ्यांचं म्हणणं. माझा वर्ग मी पुन्हा सुरू केला. तिचा अजून नाही.