घासलेलं घड्याळ

"वहिनी!... माह्या घडीले हे काय झालं?"

रुपेशचा आवाज असा चिरत आला, की पौर्णिमाच्या हातातला डाव खिरीच्या पातेल्यातच राहिला. बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. नालवाडीतल्या त्या लहानशा घरात दोरीवर पांढरे सदरे, पांढरी लुगडी वाऱ्यानं हळूहळू हलत होती, दूध आटल्याचा गोड वास खोलीखोलीतून तरंगत होता, आणि दूर विहारातून येणारे वंदनेचे सूर ऐकून वाटावं, आज या जगात कुणी कुणाला दुखवणारच नाही!... आणि नेमका त्याच घटकेला तिचा धाकटा दीर दारात उभा होता. पुण्याच्या कंपनीत मोठा साहेब झाल्यावर पहिल्या हौसेनं घेतलेलं ते स्वित्झर्लंडचं घड्याळ त्याच्या तळहातावर होतं. कालपर्यंत त्यात तोंड पाहावं असं ते झळकत होतं. आज त्याची काच तेवढी शाबूत होती; बाकी पोलादावर, पट्ट्याच्या कडीकडीवर, बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलं होतं.

पौर्णिमाला सगळं ठाऊक होतं. पहाटे पाणी भरायला ती मागच्या अंगणात गेली, तेव्हा सासूबाई नळाजवळ उकिडव्या बसलेल्या. पुढ्यात राखेचा डबा, हातात नारळाची शेंडी, आणि त्या शेंडीखाली... ते घड्याळ! सीताबाई तल्लीन होऊन घासत होत्या. सेवाग्रामच्या बाजूला शिकणाऱ्या पोरांची एक खानावळ होती. तिथं तीस वर्षं त्यांनी ताटं घासली. त्यांनी घासलेल्या ताटात बघून पोरं भांग पाडत, असं सगळे म्हणायचे. नवरा गेल्यावर दोन पोरांना त्यांनी त्याच राखेवर वाढवलं. वर्षभरापासून त्यांचं मन मात्र धुक्यात शिरू लागलं होतं. कोणता वार, कोणतं साल, काही उमगत नसे. हात तेवढे काहीच विसरले नव्हते.

"मळलं होतं वं," पौर्णिमाला पाहून त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या, "पाय कसं लखलखीत केलं माह्या रुपेशचं!"

आता रुपेश दारात उभा होता, आणि त्याच्या मागं, आतल्या खोलीच्या पडद्याखाली, पौर्णिमाला पांढऱ्या लुगड्याचा काठ दिसत होता. सीताबाई तिथं उभ्या होत्या. लेकाच्या तोंडचं कौतुक ऐकायला!... सासूबाईंजवळ उरलं होतं तरी काय? आठवणी चालल्या होत्या, ताकद चालली होती. हातांचा तेवढा अभिमान शिल्लक होता. तो लेकाच्याच शब्दानं मोडावा?

"माह्या हातून झालं," ती म्हणाली. आपण काय बोलतो आहोत, हे तिचं तिलाच नंतर कळलं. "हौस म्हून हातात घालून पाह्यली... आन् मोरीत पडली. फरशीवर घासली गेली."

रुपेशनं घड्याळ मुठीत आवळलं. नऊ वर्षांचा होता तो, जेव्हा ती या घरात सून म्हणून आली. आई खानावळीतून परतेपर्यंत तो तिचा पदर मुठीत धरून झोपायचा. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिचा नंबर लागल्याचं पत्र आलं होतं. पण घरात या पोराजवळ कुणीतरी हवं, म्हणून तिनं तो कागद पेटीत ठेवून दिला आणि पुन्हा कधी वर काढला नाही. त्याच्या तापात जागली ती, त्याचे पाढे ऐकले तिनं!... आणि आज तोच पोरगा, जो जन्मभर तिला अगंतुगं करत आला, परक्या आवाजात म्हणाला,

"हौस होती तं मांगाची होती, वहिनी. असं चोरून कशाले? काही वस्तू हाताळाले बी लायकी लागते... तुम्हाले नाई कळाचं ते."

तुम्हाले! पौर्णिमानं मान खाली घातली. खीर न खाता रुपेशनं बॅग उचलली. तिचा नवरा रत्नदीप एसटीत कंडक्टर. तो ड्यूटीवरून परतायच्या आत भाऊ निघून गेलेला होता. फाटक वाजलं, तेव्हा पडदा सारून सीताबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरून तर त्यांना काहीच उमगलेलं दिसत नव्हतं.

"आवडलं ना त्याले?"

"लय आवडलं, माय," पौर्णिमा डोळ्यांतलं पाणी गिळत हसली. "कामावर बलावलं म्हून घाईत गेला."

त्यानंतर दोन बुद्धपौर्णिमा आल्या आणि गेल्या. रुपेश आला नाही. फोन यायचा तो रत्नदीपला; औषधं, स्वेटर, गरम पाण्याची पिशवी यायची ती आईला. वहिनीचं नाव त्याच्या तोंडी नसे. रत्नदीप बिचारा भोळा. "कामाचा लोड असन वं," म्हणून गप्प बसे. आणि रोज दुपारी, उन्हात केस विंचरून घेताना, सीताबाई अचूक तोच प्रश्न विचारायच्या, "पौर्णिमा, आवडलं ना वं त्याले?" आणि पौर्णिमा रोज तेच उत्तर द्यायची, "लय आवडलं, माय." कधी कधी तिला वाटे, आपण दोघी एका लांबच लांब स्वप्नात बसलो आहोत आणि त्यातून कुणी हाक मारून उठवत नाही...

त्या हिवाळ्यात सीताबाईंनी अन्न सोडलं. दोन दिवस घास ओठाला लागला नाही. रत्नदीपनं भावाला फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून रुपेश घरात आला. दोन वर्षांत चार केस पिकले होते त्याचे. आईच्या पायाशी बसला. आईनं त्याला निरखलं आणि हात जोडले. "या, डॉक्टरसाहेब."

रुपेशचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टरांची चिठ्ठी होती. रत्नदीपला ड्यूटीवर जायचं होतं; त्यानं आपल्या मोटारसायकलची किल्ली भावाच्या हातात दिली आणि वहिनीला सोबत नेऊन सेवाग्रामहून औषधं आणायला सांगितलं. परतताना वर्ध्याच्या बाजारात रुपेशनं गाडी थांबवली. त्याच ओरखडलेल्या घड्याळाच्या पट्ट्याचा खटका दोन दिवसांपासून अडकला होता. मनगटावरून घड्याळ निघतच नव्हतं. कोपऱ्यावर प्रभाकररावांचं घड्याळदुरुस्तीचं जुनं दुकान होतं. तिथल्या बाकावर पौर्णिमा बसली.

प्रभाकररावांनी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ मनगटावरच अलगद फिरवून पाहिलं.

"साहेब, भारी माल हाये. पन हे काऊन असं झालं?"

"पडलं होतं," रुपेश म्हणाला. "मोरीत."

"नाई बाप्पा!" म्हाताऱ्यानं मान हलवली. "पडलं असतं तं कोपऱ्याले खड्डा असता, एखादा लांब चरा असता. हे पाहा, बारीक बारीक, गोल गोल, चहूकडून सारखे. हे कोनीतरी बसून घासलं हाये. लय मन लावून घासलं हाये, साहेब."

प्रभाकररावांनी चिमट्यानं खटक्याची खीळ काढली, पट्टा सुटला, आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर करड्या भुकटीची एक बारीक चिमूट सांडली. त्यांनी ती बोटावर घेतली, चोळली.

"राख हाये. गोवरीची. आजकाल कोन वापरते राख?"

पौर्णिमानं डोळे मिटून घेतले.

"पॉलिश करून देऊ का? सगळं निघते," प्रभाकरराव सांगत होते. "फक्त दर खेपेले पोलाद थोडं झिजते, एवढंच."

"राहू द्या सध्या," म्हणत रुपेशनं घड्याळ उचलून खिशात ठेवलं.

नालवाडीच्या वाटेवर, एका चिंचेखाली त्यानं गाडी उभी केली. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. रस्ता, झाडं, पलीकडचं तुरीचं शेत, सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं.

"खोटं काऊन बोलली, वहिनी?"

"ते पडद्याआड उभी होती, रुपेश... तू 'वा' म्हनशीन म्हून." पौर्णिमानं औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू तिले रागावला असता, तं ते बोलनं तिनं कुठं ठेवलं असतं? आन् मंग तिनं किती मायेनं घासलं ते समजल्यावर तुले जलमभर झोप लागली नसती."

"आन् मी तुले जे बोललो ते? लायकी काहाडली मी तुही!... दोन वर्ष, वहिनी! एकडाव सांगाचं तं होतं!"

"मले बोलला तं काय झालं? मी सोसू शकत होती."

तो ढसाढसा रडला. एवढा मोठा साहेब, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या सीटवर डोकं टेकून! "खरं सांगू?" हुंदक्यांतून तो म्हणाला. "हापिसात कोनालेच मालूम नाई, माही माय खानावळीत ताटं घासे. मी सांगतलंच नाई कधी. त्या लोकांत बसाले म्हून तं घेतली होती मी हे घडी..." पौर्णिमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी अंगणात कोवळं ऊन उतरलं होतं. बाजेवर सीताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोबतीला थांबलेली शेजारीण या दोघांना पाहून उठून गेली. रुपेश थेट त्यांच्यापाशी गेला, खाली बसला आणि ते घड्याळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"माय, लय चमकलं वं. लय आवडलं मले."

सीताबाईंनी घड्याळावरून अंगठा फिरवला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती. पण काहीतरी लांबून, फार लांबून चालत येत होतं.

"डॉक्टरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "अशीच घडी माह्या पोराची होती. मीच घासून देल्ली. सून रोज सांगते, त्याले आवडली म्हून." मग त्यांनी दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "खोटं बोलते ते."

ताट घेऊन येणारी पौर्णिमा जागच्या जागी थिजली.

"मी ऐकलं होतं सगळं. पोरगा लय रागावला. आन् ते म्हने, माह्या हातून झालं... माहा कसूर तिनं आपल्या आंगावर घेतला, साहेब. मी बाहीर येऊन सांगाचं होतं. नाई सांगतलं. भेव वाटला मले पोराचा." सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळू लागली. "मंग मी तिले रोज इचारतो, आवडलं ना वं? एखाद्या दिसी तरी ते मले म्हनन, नाई आवडलं, तुह्यापाई मी बोलनं खाल्लं. तं मी तिचे हात धरन. पन ते म्हनतच नाई!... घास खाली उतरत नाई मले. माहा पोरगा भेटला तं त्याले सांगसान? त्याच्या वहिनीचा काई कसूर नाई."

दोन वर्षं जिला आपण सावलीत ठेवलं असं पौर्णिमाला वाटत होतं, ती म्हातारी तितकीच वर्षं एकटी उन्हात उभी होती!

रुपेश उठला. पौर्णिमाच्या हातातलं ताट त्यानं काढून बाजेवर ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उचलू पाहिलं, तो उठेना.

"सांगतलं, माय," तो तिथूनच म्हणाला. "त्याले सांगतलं. समजलं त्याले."

पदरानं सीताबाईंनी आपले डोळे पुसले, बाजेवर जरा सरकून जागा केली आणि ताटाकडे बोट दाखवलं.

"पौर्णिमा, आन वं इकडं. भूक लागली मले."

पौर्णिमा बाजेवर टेकली, आणि तिनं वरणभाताचा पहिला घास कालवला.